ज्या कड्यावर पहारा नव्हता

माझ्या ट्रंकेत एक जाड चोपडी आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहितात तशी. तिच्यात 1985 ते 1999 या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणं डकवलेली आहेत. भूकंप, दुष्काळ, आखाती युद्ध, इस्राएलचे करार, दुकानांत येऊ घातलेले बारकोड. प्रत्येक कात्रणाशेजारी लाल शाईने वचनाचा संदर्भ आहे : मत्तय 24:7, दानीएल 9:27, प्रकटीकरण 13:16. अक्षर माझं आहे.

नगरमध्ये आमच्या घरी दर शुक्रवारी प्रार्थनासभा भरायची. पंधरा वर्षं तिथे मी ‘शेवटचा काळ’ शिकवला. भिंतीवर कापडी तक्ता टांगलेला असे. त्यावर मंडळी वर उचलली जाण्याचा क्षण, सात वर्षांचं मोठं संकट, ख्रिस्तविरोधी, हजार वर्षांचं राज्य, सगळं रंगीत पट्ट्यांनी आखलेलं. प्रभूच्या पुनरागमनासाठी जागं राहायचं म्हणजे या खुणा ओळखत राहायचं, असं मी मानत होतो आणि तसंच इतरांना सांगत होतो. आज मी तसं मानत नाही. प्रभू येणार हा विश्वास मात्र सोडलेला नाही. मधली काही वर्षं तोही सुटला होता. हे सगळं ज्यांच्यासमोर मी शिकवलं त्यांच्यासमोरच सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे.

चोपडीतलं एक पान आधी दाखवतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपतीविसर्जन करून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर-उस्मानाबाद भागातली जाड दगडमातीच्या भिंतींची, माळवदाची घरं आतल्या माणसांवर बसली. सुमारे 10 हजार माणसं गेली. या पानावर माझी सात कात्रणं आहेत, कडा कात्रीने नीट कापलेल्या. खाली लिहिलं आहे : ‘जागोजागी भूकंप. खूण पूर्ण होत आहे.’ त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

माझी पत्नी नर्स. ती त्याच आठवड्यात दवाखान्याच्या पथकाबरोबर तिकडे गेली. नऊ दिवसांनी परतली तेव्हा तिच्या चपलांच्या शिवणीत पांढरी माती अडकलेली होती आणि आवाज बसला होता. जेवण झाल्यावर मी तिला हे पान दाखवलं. मला वाटलं होतं, वचन कसं खरं होतंय हे पाहून तिला धीर येईल. तिने पान वाचलं, चोपडी मिटली आणि म्हणाली, “अहो, चार्ट आम्हीपण लिहितो. पण तो रोग्याच्या कॉटला टांगलेला असतो. कपाटात नसतो.”

मला राग आला. हिला आत्मिक गोष्टी समजत नाहीत असं मी मनात म्हणालो आणि पुढच्या शुक्रवारी किल्लारीवर दीड तास शिकवलं. तिथे कांबळी पाठवायची, की धान्य, की दोन माणसं, याबद्दल त्या दीड तासात एक वाक्य निघालं नाही. सभेतल्या कुणी विचारलंही नाही. विचारावं असं मी त्यांना शिकवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची. ती नऊ वर्षांची होती. एके दिवशी शाळेतून घरी आली तर दार नुसतं लोटलेलं, स्टोव्हवर भाताचं पातेलं, घरात कुणीच नाही. तिची आई नळावर गेली होती, मी सायकलचं पंक्चर काढायला. तिने हाका मारल्या. मग ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून धावत तीन घरं सोडून पाळकीणबाईंच्या दारात गेली. त्या दिसल्या तेव्हा तिने विचारलं, “काकू, तुम्ही आहात ना?” आणि तिथेच खाली बसून रडू लागली. पाळकीणबाईंना काही कळेना. मला मात्र ऐकताक्षणी कळलं. प्रभूने आम्हाला वर नेलं आणि तिला मागे ठेवलं, असं तिला वाटलं होतं. पाळकीणबाई अजून इथेच आहेत म्हणजे तसं झालेलं नाही, हा हिशेब तिने मनातल्या मनात केला होता. ज्या तक्त्यावरून तिने तो केला, तो आमच्याच भिंतीवर होता.

त्या रात्री मी तिला जवळ घेऊन प्रार्थना केली. तक्ता मात्र काढला नाही.

तिसरी गोष्ट सांगणं सर्वांत अवघड आहे. आमच्या सभेत एक विधवा मावशी येत. 1999 साली जगभर संगणकांच्या तारखांची धास्ती पसरली होती. 2000 उजाडताना बँका, वीज, विमानं, सगळं बंद पडेल असं बोललं जात होतं. मी तारीख सांगितली नाही. तारीख सांगू नये हे मला ठाऊक होतं. पण ‘फार दिवस राहिलेले नाहीत’ असं इतक्या वेळा सांगितलं की ऐकणाऱ्याला तारखेची गरजच उरली नाही. मावशींनी पोस्टातली 11 हजारांची ठेव मोडली, पुनरागमनाच्या पत्रिका छापून घेतल्या आणि एसटी स्टँडवर, बाजारात वाटल्या. मला येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “चांगलं केलंत, मावशी.” 31 डिसेंबरच्या रात्री आम्ही गुडघे टेकून बसलो होतो. 1 जानेवारीला सकाळी नेहमीच्या वेळेला दूधवाला आला. ते पैसे मी पुढे चार वर्षांत हप्त्याहप्त्याने त्यांना परत केले. त्यांनी घेतले आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी पहिल्यांदा, ही शिकवण आली कुठून याचा शोध घेतला. तोवर मला वाटत होतं की मंडळी गुपचूप वर उचलली जाणार, मग सात वर्षं संकट, हा क्रम पहिल्या शतकापासून तसाच शिकवला जातोय. तसं नाही. या स्वरूपात तो 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या धर्मोपदेशकाने मांडला, आणि 1909 साली निघालेल्या, स्कोफिल्डच्या टिपा असलेल्या बायबलमुळे तो अमेरिकेत घरोघरी पोचला. टिपा वचनाच्याच पानावर छापलेल्या होत्या. वाचणाऱ्याला टीप कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होतं हे कळेनासं झालं. माझंही तेच झालं. दर रविवारी आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो, त्यात एवढंच आहे की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल. त्यात रंगीत पट्ट्या नाहीत.

विल्यम मिलरबद्दलही वाचलं. हा अमेरिकेतला शेतकरी, बाप्तिस्त मंडळीचा उपदेशक. दानीएलच्या पुस्तकातले 2300 दिवस म्हणजे वर्षं असं धरून त्याने हिशेब मांडला. त्याच्या चळवळीत शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की झाली. काहींनी त्या वर्षी पिकं शेतातच ठेवली. रात्र सरली, सकाळ झाली. त्या दिवसाला इतिहासात ‘मोठी निराशा’ असं नाव पडलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्याच हॅरल्ड कँपिंग या रेडिओवक्त्याने 21 मे ही तारीख दिली, ती चुकल्यावर 21 ऑक्टोबर दिली. तीही गेली. 2012 च्या मार्चमध्ये त्याने आपल्या पाठीराख्यांना लिहून कळवलं की तारीख काढणं हे पाप होतं. तेव्हा तो नव्वदीत होता. त्याचं ते कबूल करणं वाचून मला वाटलं, याने निदान लिहून दिलं. मी अजून दिलेलं नाही.

पण 2000 नंतर लगेच मी शहाणा झालो असं नाही. मी झोपलो. चोपडी ट्रंकेत गेली, तक्ता गुंडाळला गेला, शुक्रवारची सभा बंद पडली. आगमनकाळात पाळकसाहेब पुनरागमनावर बोलू लागले की माझं मन दुसरीकडे जाई. विश्वासांगीकारातली ती एक ओळ येई तेव्हा माझे ओठ मिटलेले असत. मी स्वतःला सांगत होतो की आता समतोल आलाय. खरं म्हणजे प्रभू येणार आहे हे मी मनातून काढूनच टाकलं होतं, आणि त्याबरोबर आणखी बरंच गेलं होतं. दिवस कसाही गेला तरी फरक पडत नाही असं वाटू लागलं. ज्या भावाशी अबोला होता त्याच्याशी तो तसाच राहिला. नऊ वर्षं अशी गेली. भीतीने जागणाऱ्या माणसाची भीती गेली की तो जागाच राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

2009 साली माझे वडील आजारी पडले. अकरा रात्री मी त्यांच्या कॉटखाली चटई टाकून जनरल वॉर्डात झोपलो. तिथे रात्रपाळीला एक तरुण सिस्टर होती. दर दोन तासांनी ती टॉर्च घेऊन फिरायची. टॉर्चवर हाताची ओंजळ धरायची, उजेड रोग्याच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून. सलाइनचे थेंब मोजायची, नाडी बघायची, पांघरूण सरकलं असेल तर वर ओढायची, चार्टवर लिहायची, पुढच्या कॉटकडे जायची. एकदा मी विचारलं, “सिस्टर, झोप येत नाही का?” ती म्हणाली, “येते ना काका. पण पहाटे तीन ते पाच फार सांभाळावं लागतं.” एवढं बोलून ती गेली.

मला बायकोचं सोळा वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं. चार्ट कॉटला टांगलेला होता. कुठल्या रोग्याचं कधी बिघडेल हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणूनच ती फिरत होती. वेळ कळली असती तर ती त्या वेळेपर्यंत झोपली असती. प्रभूने दिवस आणि घटका का सांगितली नाही, हे मला त्या वॉर्डात पहिल्यांदा समजलं. मार्कच्या 13 व्या अध्यायात घराचा धनी केव्हा येईल याचे चार काळ दिले आहेत : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवायची वेळ आणि सकाळ. ते रोमी पहारेकऱ्यांच्या पाळ्यांचे काळ आहेत. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. म्हणजे ‘जागे राहा’ हा शब्द तिथे पाळीवरच्या माणसाला सांगितलेला आहे. अंदाज बांधणाऱ्याला नाही.

त्याच रात्री मी मत्तयाचा 24 वा अध्याय उघडला. नऊ वर्षांत उघडला नव्हता. भूकंप, लढाया, दुष्काळ या सगळ्या ओळी मला पाठ होत्या. पण या वेळी अध्याय संपला तिथे मी थांबलो नाही, पुढे वाचत गेलो. आणि मला धक्का बसला. जैतुनांच्या डोंगरावरचं ते बोलणं 24 व्या अध्यायात संपतच नाही. ते 25 वा अध्याय संपेपर्यंत एका दमात चालतं. अध्यायांचे आकडे कितीतरी शतकांनंतर कुणीतरी घातलेले आहेत. पंधरा वर्षं मी अर्धंच बोलणं शिकवलं होतं.

त्या बोलण्याचा उतरता क्रम पाहा. आधी खुणा. त्याही घाबरू नका, हा शेवट नव्हे, असं बजावून. मग घरच्या माणसांना वेळेवर जेवण देणारा विश्वासू दास : धनी येईल तेव्हा तो वाढत असलेला सापडतो. मग दहा कुमारी. इथे मी नेहमी घाईने पुढे जात असे. डुलक्या दहाही जणींना लागतात, शहाण्या पाचही झोपतात. फरक झोपेचा नाहीच, फरक दिव्यातल्या तेलाचा आहे. मग सोपवलेल्या पैशांचा हिशेब. आणि सर्वांत शेवटी न्याय : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. तिथे कुणाला एकही खूण विचारलेली नाही. उलट दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात : प्रभू, तू आम्हाला कधी दिसलास? ज्याच्या येण्याची वाट मी आकाशाकडे बघत पाहत होतो, तो किल्लारीच्या ढिगाऱ्याखालून आधीच येऊन गेला होता. माझ्या बायकोने त्याला पट्टी बांधली. मी त्याचं कात्रण काढलं.

प्रकटीकरणाचं पुस्तकही मी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. तिथे आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत. त्यांतल्या सार्दीसच्या मंडळीला सांगितलं आहे की जागी हो, नाहीतर मी चोरासारखा येईन. हे पत्र नेमकं सार्दीसलाच का, ते त्या शहराचा इतिहास वाचल्यावर उमगतं. सार्दीसचा बालेकिल्ला सरळ तुटलेल्या कड्यांवर होता. इ. स. पूर्व 546 च्या सुमारास पारसाच्या सायरसने त्याला वेढा घातला. हिरोडोटस सांगतो की किल्ल्यावरच्या एका शिपायाचं शिरस्त्राण कड्यावरून खाली पडलं, तो ते आणायला उतरला आणि परत वर चढला. वेढ्यातल्या एकाने ते पाहिलं. त्याच वाटेने सैन्य वर गेलं. त्या बाजूला पहाराच नव्हता, कारण तिथून कुणी येणं शक्य नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी तिसऱ्या अँटायोकसच्या सैन्यानेही सार्दीस अशाच बिनपहाऱ्याच्या बाजूने घेतलं.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडावर गेले ते दरवाज्याने नव्हे, कड्याने. सार्दीसचे पहारेकरी झोपलेले होते असं नाही. ते जागे होते, दरवाज्यावर होते. कड्यावर नव्हते. मीही जागा होतो. जेरुसलेम, आखात, बारकोड, सगळीकडे माझा पहारा होता. माझी मुलगी ज्या दारातून रडत बाहेर पळाली, त्या दारावर नव्हता. मावशींच्या पोस्टाच्या पुस्तकावर नव्हता. भावाच्या अबोल्यावर नव्हता. चोर आला तो तिथूनच.

मावशींचं पुढचं सांगायला हवं. 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे निराधार पेन्शनला, रेशनला आधार मागू लागले. मावशींनी नोंदणीला साफ नकार दिला. बोटांचे ठसे, डोळ्यांची छायाचित्रं, प्रत्येक माणसाला आकडा, म्हणजे हाच श्वापदाचा शिक्का. हे त्यांना 1990 च्या दशकात बारकोडवर बोलताना मीच शिकवलं होतं. शिक्का नसेल त्याला काही विकत घेता येणार नाही असं प्रकटीकरणाच्या 13 व्या अध्यायात आहे. आणि इथे एका म्हाताऱ्या बाईला धान्य मिळेनासं होणार होतं ते श्वापदामुळे नव्हे, माझ्या शिकवणीमुळे.

मी त्यांच्याकडे तीनदा गेलो. मी चुकीचं शिकवलं असं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, “मग तेव्हा का सांगितलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, “मावशी, मला क्षमा करा.” त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या. त्यांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजल्या होत्या, यंत्रावर ठसा उमटेना. सहाव्या वेळी उमटला. त्या यंत्राकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

काही मित्र मला म्हणतात की मग पुनरागमनाचं बोलणंच सोडून द्यावं, सेवा करत राहावी. हे मला पटत नाही. मी ते करून पाहिलं आहे. ज्याला न्याय मिळालेला नाही त्याला विचारा, न्याय करणारा येणार या वचनाची किंमत काय आहे. प्रकटीकरण लिहिलं गेलं ते रोमच्या सत्तेखाली दडपलेल्या लहान मंडळ्यांसाठी, त्यांनी हातपाय गाळू नयेत म्हणून. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून दौंडजवळच्या केडगावात सांभाळल्या. दुष्काळ हाही मत्तय 24 मधल्या यादीतला आहे. त्या बाईने तो यादीत वाचून सोडला नाही, बैलगाड्या जुंपल्या. धनी येणार आहे यावर विश्वास असणाऱ्या माणसाचं घर असं दिसतं.

आता माझं जागणं साधं आहे. झोपण्यापूर्वी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. आज रात्री तो आला तर कुणाचं देणं राहिलंय? आणि आज तो वेगळ्या रूपात येऊन गेला, तेव्हा मी कुठे होतो? भावाला मी 2010 मध्ये फोन केला. मुलगी आज स्वतः आई आहे. तिची मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, मला अजूनही रिकामं घर आवडत नाही.” हे मी केलेलं आहे आणि ते पुसलं जाणार नाही.

तुम्ही जर कुठे शेवटच्या काळावर शिकवत असाल, तर तुम्हाला माझी विनंती आहे. आधी घरातल्या लेकरांना विचारा, त्यांना रात्री कशाची भीती वाटते. सभेतली गरिबातली गरीब बाई तुमचं बोलणं ऐकून उद्या काय करेल, याचा विचार करा. आणि मत्तयाचा 24 वा अध्याय काढाल तेव्हा 25 वा संपेपर्यंत पुस्तक मिटू नका.